दातांच्या डॉक्टरांनी रात्रीची चौकशी का करावी?

आपल्याकडे मूल दातांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जातं ते दाढ ठणकायला लागल्यावर. तोवर लवंग लावून झालेली असते आणि ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे घरातल्या कोणीतरी सांगून झालेलं असतं. खुर्चीत बसल्यावर कळतं की कीड एकाच दाढेला नाही. मग रूट कॅनाल, कॅप, पुढच्या आठवड्यात दुसरी बाजू, अशा चार-पाच खेपा होतात. बालरोगतज्ज्ञ ‘आ कर’ म्हणून चमच्याने जीभ दाबतात, मूल उमळतं, तेवढ्या दोन सेकंदांत घसा दिसला तर दिसला. दातांच्या दवाखान्यात मात्र ते अर्धा-अर्धा तास आडवं पडून असतं. वर झगझगीत दिवा, तोंड सताड उघडं, आणि टाळू, पडजीभ, दोन्ही बाजूंचे टॉन्सिल डॉक्टरांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. इतक्या वेळात ‘हा रात्री घोरतो का हो?’ असं आईवडिलांना विचारणारे दंतवैद्य किती?

फार कमी. हा प्रश्न विचारणं दंतवैद्याचं काम आहे आणि तो त्यांच्या मर्जीवर न सोडता केस पेपरवर छापलेला असावा, असं माझं मत आहे. पण उत्तर ‘हो’ आलं तर दंतवैद्याने काय करावं याइतकंच काय करू नये हेही त्याच वेळी ठरलं पाहिजे. पहिली गोष्ट बहुतेकांना पटेल. दुसरी गोष्ट धंद्याच्या आड येणारी आहे, त्यामुळे तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

आधी आजार काय तो पाहू. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा आजार, म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो पोट सुटलेला, मान जाड, रेल्वेच्या डब्यात बाकीच्यांची झोप उडवणारा पन्नाशीतला गृहस्थ. मुलांचा आजार त्याच नावाचा असला तरी त्याची चाल वेगळी आहे. नाकाच्या मागे असणारी ॲडेनॉइडची गाठ आणि घशातले टॉन्सिल साधारण दोन ते आठ या वयात श्वासमार्गाच्या मानाने सगळ्यांत मोठे असतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरून ठेवतात, झोपेत ते सैलावतात. मग हवा जाते ती घुसमटत, आवाज करत, आणि मधेच थांबते. छाती वरखाली होत राहते, आत मात्र काही जात नाही. मेंदू क्षणभर झोप मोडतो, मूल कूस बदलतं, मोठा श्वास घेतं आणि पुन्हा तेच. मोठ्यांमध्ये श्वास दहा सेकंद अडला तर तो प्रसंग मोजतात, मुलांत दोन श्वासांइतका वेळही पुरेसा धरतात. मोठ्यांत तासाला पाचपेक्षा कमी प्रसंग असले तर डॉक्टर सहसा काळजी करत नाहीत. मुलांच्या बाबतीत तासाला एकाच्या वर गेलं की ते नेहमीचं राहत नाही.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने, २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात या आजाराचं मुलांमधलं प्रमाण साधारण १ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान दिलं आहे. चाळीस मुलांच्या वर्गात एखाददुसरं मूल, असा त्याचा अर्थ. नेहमी घोरणारी मुलं याहून बरीच जास्त असतात, आणि घोरणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार असतोच असं नाही. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

मूल दिवसा पेंगत नाही, म्हणून आजार सापडत नाही. मोठा माणूस झोप कमी झाली की ऑफिसात डुलक्या घेतो, सहा वर्षांचं पोर उलट अधिक वळवळ करतं. एका जागी बसत नाही, चिडतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, शाळेतून चिठ्ठी येते. पाचवं-सहावं वर्ष ओलांडलं तरी गादी ओली होते. घामाने उशी भिजते. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपतं. खाऊनपिऊनही अंग धरत नाही. दुर्लक्ष फार लांबलं तर क्वचित फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येण्यापर्यंत मजल जाते. या प्रत्येक लक्षणाचं एकेक घरगुती स्पष्टीकरण आपल्याकडे तयार आहे. घोरतो म्हणजे गाढ झोपलाय. तोंड उघडं राहतं, बापावर गेलाय. वळवळ करतो, लाडावलाय. झोपेत दात खातो म्हणजे जंत झालेत, द्या जंताची गोळी. ती गोळी सरकारही मोफत वाटतं आणि ती वाईट नाही, पण दात खाण्याचा तिच्याशी संबंध लावण्याची आपली हौस काही जात नाही.

वैद्यकशास्त्रानेही या आजाराला ओळखायला वेळच लावला आहे. १८८९ साली विल्यम हिल नावाच्या इंग्रज डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांच्या ‘मागासलेपणा’च्या आणि मंदपणाच्या काही कारणांवर लेख लिहिला होता. रात्री घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं, शाळेत मागे पडणारं मूल त्यात आहे. तीनच वर्षांनी विल्यम ऑस्लरने आपल्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकात जुनाट टॉन्सिलच्या प्रकरणात तसंच मूल रंगवलं. म्हणजे खूण सापडली होती. पण मुलांमधला स्लीप ॲप्निया म्हणून झोपेची रीतसर नोंद करून वर्णन झालं ते १९७६ साली, स्टॅनफर्डच्या क्रिस्तियान गिलमिनो यांनी आठ मुलांवर लिहिलेल्या लेखात. मधली जवळजवळ नव्वद वर्षं ही मुलं मठ्ठच ठरत राहिली.

दंतवैद्यकाकडे वळू. दंतवैद्यांना या मुलांबद्दल काहीच माहिती नसते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. चेहऱ्याच्या वाढीवरचं महत्त्वाचं काम तर दातांच्या आणि जबड्याच्याच अभ्यासकांनी केलेलं आहे. स्टेन लिंडर-आरोन्सन या स्वीडिश अभ्यासकाने १९७० मध्ये ॲडेनॉइड वाढलेल्या मुलांचे चेहरे आणि दातांच्या कमानी मोजून दाखवल्या. एगिल हार्व्होल्ड यांनी अमेरिकेत माकडांची नाकं बुजवून प्रयोग केले. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण निष्कर्ष बोलका होता: नाक बंद झाल्यावर माकडांच्या जबड्याची ठेवण बदलली, आणि प्रत्येक माकडात ती सारखीच बदलली नाही. त्यामागचं कारण समजायला अवघड नाही. तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला टेकून वरच्या जबड्याला आतून आधार देते. श्वासासाठी तोंड उघडं ठेवलं की जीभ खाली पडते, गालांचा दाब बाहेरून चालूच राहतो आणि वरची कमान अरुंद होत जाते. टाळू उंच, खोल होतो. मागच्या दाढा उलट्या बसतात, म्हणजे वरच्या दाढा खालच्यांच्या आत जातात. चेहरा लांबट होतो. वरचा ओठ आखूड दिसतो, पुढच्या हिरड्या कोरड्या पडून लाल होतात.

यातली प्रत्येक खूण बीडीएसच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. नाकाखाली आरसा धरून त्यावर वाफ कुठे धरते ते बघायची परीक्षा असते, तोंडात पाणी धरून ठेवायला सांगायची परीक्षा असते, नाकापुढे कापसाचे तंतू धरायची परीक्षा असते. व्हायव्हाला हे हमखास विचारतात. अडचण आहे ती हे ज्ञान ठेवलं आहे त्या खणाची. अंगठा चोखणं, जीभ पुढे ढकलणं, नखं खाणं यांच्या पंगतीत, मुलांच्या तोंडाच्या वाईट सवयींच्या प्रकरणात तोंडाने श्वास घेणं शिकवलं जातं. आधी नाकात अडथळा आहे का ते पाहा, असं त्यातही लिहिलेलं असतं. पण सवय म्हटलं की ती मोडायची असते, आणि मोडायला उपकरण असतं. मग दवाखान्यात आलेल्या मुलाची कमान मोजली जाते, ठसा घेतला जातो, तार कधी लावायची ते ठरतं. हे मूल असं का श्वास घेतं आणि पहाटे तीन वाजता त्याचं काय चाललेलं असतं, हा विचार त्या कागदावर कुठेच येत नाही. दिवसाउजेडी दिसणाऱ्या दातांचा हिशेब पूर्ण होतो आणि फाइल बंद.

आपल्यापुरतीच ही स्थिती आहे असं नाही. अमेरिकेतल्या दंत महाविद्यालयांची एक पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. झोपेच्या आजारांसाठी तिथल्या पदवी अभ्यासक्रमात सरासरी चार तासही नव्हते. देशोदेशी दंतवैद्यांना प्रश्नावल्या देऊन ज्या पाहण्या होतात त्यांचा सूर बराचसा सारखा निघतो: विषय महत्त्वाचा वाटतो असं बहुतेक जण लिहितात, पण असं मूल आपण ओळखू शकू का, पुढे कोणाकडे पाठवायचं हे ठाऊक आहे का, असं विचारलं की हात आखडतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ मध्ये याबाबत धोरण ठरवलं. दंतवैद्यांनी झोपेतल्या श्वसनाच्या तक्रारींसाठी रुग्णांची चाळणी करावी, मुलांच्या बाबतीत वाढीतली कमतरता आणि इतर धोक्याच्या खुणा पाहाव्यात, आणि निदानासाठी रुग्णाला योग्य डॉक्टरकडे पाठवावं, असा त्याचा आशय आहे. बालदंतवैद्यांच्या तिथल्या संघटनेने वर्षभर आधीच असं धोरण स्वीकारलं होतं. आजाराचं निदान दंतवैद्याने करायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे.

इथवर वाचून एखादा दंतवैद्य म्हणेल, ‘आधीच दिवसाला तीस पेशंट, मूल रडतंय, आई घाईत, भाड्याचा गाळा, त्यात आता झोपेची चौकशीही आम्हीच करायची?’ तक्रार रास्त आहे. मिशिगन विद्यापीठातल्या रोनल्ड चेर्विन यांनी २००० साली मांडलेली मुलांच्या झोपेची प्रश्नावली आहे, तीत बावीस प्रश्न आहेत. चालत्या दवाखान्यात बावीस प्रश्न कोणी विचारणार नाही, विचारूही नयेत. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरतो का? झोपेत श्वास अडकल्यासारखा किंवा धापा टाकल्यासारखा वाटतो का? सकाळी उठताना तोंड कोरडं किंवा डोकं दुखतं असं असतं का? तीन प्रश्न. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हे आपण विचारतोच ना? त्यांच्याच खाली हे छापायचे. बहुतेक आयांना याची उत्तरं विचार न करता देता येतात, कारण मूल त्यांच्या कुशीतच झोपतं. पाश्चात्त्य देशांत वेगळ्या खोलीत झोपणाऱ्या मुलांच्या पालकांना जे नीट ठाऊक नसतं ते आपल्या एका खोलीच्या घरात सगळ्यांना ऐकू येत असतं. आपल्या बाजूने असलेली ही एकमेव सोय आपण वापरत नाही.

दंतवैद्याने हा प्रश्न विचारण्यात त्याचाही स्वार्थ आहे, आणि तो मला सगळ्यांत बिनतोड मुद्दा वाटतो. घाबरणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलांना हल्ली गुंगीचं औषध देऊन किंवा पूर्ण भूल देऊन सगळे दात एकदम केले जातात. गुंगीत घशाचे स्नायू झोपेसारखेच किंवा झोपेपेक्षाही जास्त सैलावतात. ज्या मुलाचा श्वास साध्या झोपेतही अडतो त्याला खुर्चीत आडवं करून, तोंडात पाण्याचा फवारा सोडत गुंगी देणं म्हणजे जोखीम. मुलांना गुंगी देण्याबद्दलच्या अमेरिकन बालरोग आणि बालदंत संघटनांच्या संयुक्त सूचनांमध्ये घोरण्याची आणि स्लीप ॲप्नियाची आधी चौकशी करा असं म्हणूनच सांगितलेलं आहे. कोडीनसारखी वेदनाशामकं अशा मुलांत किती घातक ठरू शकतात हे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर झालेल्या मृत्यूंमुळे कळलं आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. म्हणजे मुलाच्या झोपेची चौकशी दंतवैद्याच्या विषयाबाहेरची, हे म्हणणं गुंगीच्या इंजेक्शनापाशी येऊन थांबतं.

आता दुसरी बाजू, आणि मी तिला हलकं मानत नाही. आजाराची जागरूकता वाढली की आजारी नसलेली मुलंही रांगेत उभी राहतात. घोरणारं प्रत्येक मूल कापाकापीच्या टेबलावर जायला नको. या बाबतीत आपल्याकडे वापरण्यासारखा चांगला पुरावा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चॅट’ नावाच्या अमेरिकन चाचणीत पाच ते नऊ वर्षांची, स्लीप ॲप्निया सिद्ध झालेली ४६४ मुलं घेतली होती. निम्म्यांचे टॉन्सिल-ॲडेनॉइड लगेच काढले, निम्म्यांना फक्त नजरेखाली ठेवलं. सात महिन्यांनी पुन्हा रात्रभराची झोपचाचणी केली तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची चाचणी नॉर्मल आली, आणि काहीच न केलेल्यांपैकी ४६ टक्क्यांचीही! लक्ष आणि नियोजनाच्या ज्या परीक्षेवर मुख्य भिस्त होती तिच्यात दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. पण वागणूक, लक्षणं, एकूण जगणं यात शस्त्रक्रिया झालेली मुलं स्पष्ट पुढे होती. अगदी सौम्य त्रास असलेल्या ४५९ मुलांवरची दुसरी चाचणी २०२३ मध्ये आली, तिचाही कल बराचसा असाच. म्हणून घाई नको, दुर्लक्षही नको. पण थांबायचं की कापायचं हे ठरवण्यासाठी मूल आधी कान-नाक-घसा तज्ज्ञापर्यंत किंवा बालरोगतज्ज्ञापर्यंत पोहोचायला तर हवं.

आणि इथे मला दंतवैद्यांबद्दल खरी धास्ती वाटते. ज्याला या विषयाचं काहीच ठाऊक नाही त्याच्यापेक्षा शनिवार-रविवारची कार्यशाळा करून आलेल्या आणि येताना उपकरणांची पेटी घेऊन आलेल्या डॉक्टरची. समाजमाध्यमांवर पाहा. तोंड उघडं असलेल्या मुलाचा फोटो, शेजारी रुंद हसणाऱ्या मुलाचा फोटो, मध्ये बाण. जबडा रुंद केला की झोप सुधारेल, अभ्यास सुधारेल, चंचलपणा जाईल. कोणी जिभेखालचा पडदा कापायला सांगतो, कोणी रात्री मुलाच्या ओठांना चिकटपट्टी लावायला. ज्याचं नाक बंद आहे त्याच्या तोंडाला पट्टी लावणं हा उपचार कसा असू शकतो, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

टाळू रुंद करण्याच्या उपचाराला आधार अजिबात नाही असं मात्र म्हणता येणार नाही. २००४ साली इटलीतल्या पिरेल्ली आणि सहकाऱ्यांनी, गिलमिनो यांच्याच साथीने, ३१ मुलांवर असा उपचार केला. तासाला सरासरी बारा प्रसंग होत होते ते एकाच्या खाली आले. आकडा डोळे दिपवणारा आहे आणि जाहिरातींमध्ये तो वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. जाहिरातीत गाळलेली गोष्ट अशी की त्या मुलांचा वरचा जबडा खरोखर अरुंद होता, ती लठ्ठ नव्हती, त्यांचे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड वाढलेले नव्हते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या घोरणाऱ्या मुलांत वाढलेले टॉन्सिलच जास्त सापडतात. त्यांना सहा महिने जबडा रुंद करायच्या स्क्रूवर ठेवणं म्हणजे खऱ्या उपचाराचे सहा महिने घालवणं. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१९ च्या श्वेतपत्रिकेत हेच संयमाने सांगितलं: जबडा अरुंद असेल तर जरूर रुंद करा, पण पुढे कधी स्लीप ॲप्निया होऊ नये म्हणून रुंद करू नका. सुळ्यामागचे दात काढून तार लावली की श्वासमार्ग आक्रसतो आणि ॲप्निया होतो, या हल्ली पसरलेल्या भीतीलाही त्यांना पुराव्यात आधार सापडला नाही. आपल्याच धंद्याला आवर घालणारा कागद स्वतःहून काढणाऱ्या संघटना थोड्या असतात, म्हणून मला त्या श्वेतपत्रिकेचं मोल वाटतं.

म्हणजे जागरूकता कसली, हे आधी ठरवायला हवं. महाराष्ट्रात तर याला आणखी एक पीळ आहे. इथे एका डॉक्टरने दुसऱ्याकडे पाठवलं की पालकांच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘कट’, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल मिळणारं कमिशन. हा संशय हवेतला नाही. कट प्रॅक्टिसला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्य सरकारने २०१७ मध्ये समिती नेमून तयार करवला होता, कायदा काही झाला नाही. दात दाखवायला आलेल्या माणसाला ‘कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा’ म्हटलं तर तो हसून मान डोलावतो आणि जात नाही. दंतवैद्यालाही हे माहीत असतं, त्यामुळे तो बोलतच नाही. यावर उपाय कागदाचा आहे. कोणाचं नाव न लिहिता, ‘टॉन्सिल तिसऱ्या श्रेणीचे, टाळू उंच, आठवड्यातून चार रात्री घोरतो, कृपया तपासावे’ एवढंच लिहून ती चिठ्ठी पालकांच्या हातात द्यायची. जिल्हा रुग्णालयात जा, वैद्यकीय महाविद्यालयात जा, ओळखीच्या डॉक्टरकडे जा. नाव नसलेल्या चिठ्ठीत कट बसत नाही.

पुढची अडचण चाचणीची. पक्क्या निदानासाठी रात्रभर झोपेची चाचणी लागते. नुसत्या चौकशीवरून आणि घसा पाहून साधं घोरणं आणि ॲप्निया यांत फरक करता येत नाही, हे २०१२ च्या त्या मार्गदर्शक तत्त्वांतच म्हटलं आहे. मुलांची ही चाचणी करणाऱ्या सोयी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकवटलेल्या आहेत आणि बिल हजारोंत जातं. किनवट किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या पालकाला ‘झोपचाचणी करून या’ सांगणं म्हणजे न सांगितल्यासारखंच. पण मधल्या पायऱ्या आहेत. बोटाला ऑक्सिमीटर लावून रात्रभर नोंद घेता येते. ती नोंद वाईट आली तर तिचा चांगला उपयोग होतो, ठीक आली म्हणून आजार नाही असं मात्र ठरत नाही. घड्याळासारखं कायम चालणारं, नोंद साठवणारं ऑक्सिमीटर त्यासाठी लागतं, करोनात घेतलेली चिमटी नव्हे. आणि मोबाइल तर आहेच. पहाटे, मुलाचा सदरा वर करून, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा दोन मिनिटांचा व्हिडिओ, आवाजासकट. घोरणं थांबतं तेव्हा छाती खड्ड्यासारखी आत ओढली जाते का, हे त्यात दिसतं. तज्ज्ञाला कोणाला आधी बोलवायचं हे ठरवायला एवढं पुष्कळ होतं. हा व्हिडिओ काढायला दंतवैद्याने सांगावं, त्याला पैसा लागत नाही.

काही मुलांच्या बाबतीत मात्र व्हिडिओची वाट पाहायची नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना हा त्रास असतो. त्यांना तक्रार असो वा नसो, चौथ्या वर्षाच्या आत झोपचाचणी करावी अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. जन्मतः खालचा जबडा फार लहान असलेली मुलं तशीच. आणि आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारमध्ये सिकलसेलची जी मुलं आहेत त्यांच्यातही स्लीप ॲप्निया जास्त आढळतो. ज्यांच्या रक्तपेशी ऑक्सिजन घटला की विळ्यासारख्या वाकतात, त्यांचा श्वास रात्री अडणं याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

शासकीय योजनांमध्ये हे कुठे बसतं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतल्यांची एकदा, अठरा वर्षांपर्यंत तपासणी. त्यासाठी ठरवलेल्या तीस स्थितींच्या यादीत किडलेले दात आहेत, कानाचा संसर्ग आहे, दम्यासारखा श्वासाचा त्रास आहे, चंचलतेचा विकार आहे, डाऊन सिंड्रोम आहे, ऐच्छिक म्हणून सिकलसेलही आहे. झोपेतला श्वास नाही. गंमत अशी की स्लीप ॲप्नियाचं मूल या यादीतल्या दोन-तीन रकान्यांत सहज सापडेल, फक्त चुकीच्या नावाने. चंचल म्हणून, वजन कमी म्हणून, किडक्या दातांचं म्हणून. या कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रात दंतवैद्याचं पदही धरलेलं आहे. किडका दात म्हणून ज्याच्यापर्यंत मूल पोहोचतं, त्याच्याच फॉर्मवर घोरण्याचा रकाना घालायला नवं पद लागत नाही, यंत्रही लागत नाही.

देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत, त्यातली बरीच महाराष्ट्रात. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात रोज मुलं येतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याला केस हिस्टरी लिहून शिक्षकाची सही घ्यावी लागते. सहीशिवाय केस धरली जात नाही, हे तिथे शिकलेल्या कोणालाही विचारा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने त्या छापील नमुन्यात तीन ओळी घातल्या तर दोन-तीन वर्षांत हजारो नवे दंतवैद्य तो प्रश्न हाताच्या सवयीने विचारत बाहेर पडतील. २०२३ च्या कायद्याने दंत परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाची तरतूद केली, अभ्यासक्रम नव्याने लिहायला ही चांगली संधी आहे. तोंडाने श्वास घेणं वाईट सवयींच्या प्रकरणातून काढून बालरोग आणि कान-नाक-घसा विभागाबरोबरच्या एकत्र वर्गात न्यावं. आणि परीक्षेत आरशाच्या वाफेसोबत एवढंही विचारावं: या मुलाला कोणतं उपकरण देणार नाही, आणि का?